सोवनी काकांची व्हॅन

सोवनी काकांना कुठल्याही तिकिटाच्या खिडकीवर दोन सवलती मिळू शकतात. एक ज्येष्ठ नागरिकांची आणि एक विद्यार्थ्यांची. ज्येष्ठांची बहुतेक वेळा मोठी असते. काका विद्यार्थ्यांची मागतात.

खिडकीतली मुलगी त्यांचे पांढरे केस बघून आपणहून “सीनियर?” असं विचारते. काका गळ्यातलं युनिव्हर्सिटीचं कार्ड काचेला चिकटवून म्हणतात, “स्टुडंट!” ती बिचारी समजावते की सीनियरमध्ये कमी पडेल. काका म्हणतात, “आय नो.” मागे रांग वाढत जाते. मी बुटाची लेस बांधायला खाली वाकते.

काका एकोणसत्तर वर्षांचे आहेत. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी मराठीत सांगितलं, आणि मी इंग्लिश मीडियमवाली असल्यामुळे नुसती मान हलवली. संध्याकाळी पुण्याला आईला फोन केला तेव्हा कळलं की एकोणसत्तर म्हणजे सत्तरच्या अलीकडचं. मी ऐंशीच्या अलीकडचं धरून चालले होते, आणि जिन्यात त्यांचा हातही धरला होता.

ते चाळीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत शिकायला आले, मग औषधांच्या कंपनीत केमिस्ट म्हणून नोकरी केली, इथल्या कॅरी गावात घर बांधलं आणि रिटायर झाले. आमच्या राज्यात पासष्टच्या पुढच्या माणसांना, वर्गात जागा शिल्लक असेल तर, युनिव्हर्सिटीत फुकट बसता येतं. परीक्षा नाही, मार्क नाहीत, डिग्री नाही. इतर आजी-आजोबा चित्रकलेला किंवा इतिहासाला जातात. काकांनी आमचा संख्याशास्त्रातला रिग्रेशनचा वर्ग घेतला. पहिल्या बाकावर बसतात, बॅग दोन्ही खांद्यांवर अडकवतात, आणि कुणी मागितलेला नसताना होमवर्क देतात. प्रोफेसर तो तपासतात, कारण काका त्यांच्या टेबलापाशी उभे राहतात. मग बाहेर येऊन आम्हाला विचारतात, “तुला किती पडले?”

त्यांचा मुख्य गुण म्हणजे वेळ साधणं. तास संपायला एक मिनिट असतं, सगळ्यांचे लॅपटॉप बंद झालेले असतात, माझ्या शेजारी बसणाऱ्या तन्वीचा एक हात जॅकेटच्या बाहीत गेलेला असतो, आणि पहिल्या बाकावरून एक हात वर जातो.

“सर, वन स्मॉल डाउट.”

तन्वी बाहीतला हात परत काढते.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काका प्रत्येक मेसेजखाली सही करतात. ‘उद्या क्लास आहे का? — म. ग. सोवनी (स्टुडंट).’ कंसातला शब्द ते कधीही विसरत नाहीत. काकू सध्या दुसऱ्या राज्यात, वेस्ट विंडसरला मुलीकडे असतात. जयाला जुळी झाली आहेत. जया काकांनाही बोलावते. पण काका तिला सांगतात, “कसं येणार? माझं सेमिस्टर चालू आहे.” कुठल्याही गैरसोयीवर त्यांचं एकच उत्तर असतं. पाऊस आला, बस चुकली, पिझ्झा गार निघाला, तरी दोन्ही हात पसरून म्हणतात, “चालायचंच! आपण स्टुडंट माणसं!”

आणि काकांकडे व्हॅन होती.

ज्यांनी अमेरिकेत गाडीशिवाय शिक्षण घेतलं आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. आमच्या अपार्टमेंटपासून भारतीय किराणा नऊ मैलांवर. दर शनिवारी काका त्यांची जुनी राखाडी व्हॅन घेऊन यायचे आणि आम्ही तांदळाच्या गोण्यांसकट तिच्यात बसायचो. तिला मेथीचा वास यायचा. मागच्या दारावर एक पोचा होता. तो दुकानाच्या पार्किंगमध्ये आमच्या वर्गातल्या ईशानने ढकललेल्या ट्रॉलीने पडला होता. काका तेव्हाही म्हणाले होते, “चालायचंच!”

मार्चमध्ये वर्गातली अमेरिकन मुलं स्वस्तातली तिकिटं काढून बार्सिलोनाला जाऊन आली. शुक्रवारी निघायचं, हॉस्टेलात राहायचं, ब्रेड-चीज खाऊन दोन दिवस पायी फिरायचं. त्यांचे फोटो बघून तन्वी दोन दिवस नीट जेवली नाही. ती माझी रूममेट, नागपूरची. तिचं दुःख मोठ्या आवाजातलं असतं. आमच्या सगळ्यांच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. इथे शिकायला हरकत नाही, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवीन शिक्का हवा, आणि तो कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नाही.

“यार, युरोप कॅन्सल,” ईशान म्हणाला. ईशान मुंबईचा, आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. “कायमचा कॅन्सल.”

हे काकांच्या कानावर गेलं. पुढच्या तासानंतर त्यांनी आम्हाला दारात अडवलं.

“कुठला देश बघायचाय?”

“कुठलाही,” तन्वी म्हणाली.

“मग वॉशिंग्टनला जा. मे महिन्यात एका शनिवारी युरोपातल्या देशांच्या एम्बसीज लोकांना आत सोडतात. फुकट. आत पाऊल टाकलं की तो देशच झाला!”

“काका, लीगली तसं नसतं,” ईशान म्हणाला.

“तू वकील आहेस का? तू स्टुडंट आहेस. जाऊन ये.”

त्या संध्याकाळी आमच्या किचनमध्ये मीटिंग झाली. आम्ही सहाजण: तन्वी, मी, ईशान आणि ईशानचे तीन रूममेट, ज्यांचा या हकिगतीत एवढाच भाग आहे की ते मागच्या सीटवर झोपले. बस महाग पडत होती. गाडी भाड्याने घ्यावी तर आमची वयं कमी, त्यामुळे भाडं दुप्पट.

“काकांना घेऊ ना यार,” ईशान म्हणाला. “व्हॅन आहे.”

“पण मग दोन दिवस काका!” तन्वी म्हणाली. “एम्बसी बंद व्हायच्या वेळी हात वर करतील ते. वन स्मॉल डाउट!”

“अगं पण व्हॅन.”

मी कांदा चिरत होते. चारचौघांत मी फारशी बोलत नाही. मनात वाक्य जुळवते तोवर विषय बदललेला असतो. त्या दिवशी मात्र जुळलं. मी म्हणाले, “रस्ता हवा तर टोल भरायचा, व्हॅन हवी तर काका घ्यायचे.”

दोघं इतके हसले की ईशानने टेबलावर हात आपटला. मला बरं वाटलं. हे लिहिताना ते बरं वाटणं आठवतंय, म्हणून लिहून टाकते.

निघायच्या शनिवारी पहाटे साडेचारला काका हजर. टोपी, हूडी, गळ्यात कार्ड. प्रत्येकाच्या हातात त्यांनी स्टेपल केलेले चार कागद दिले. त्यात युरोपचं वेळापत्रक होतं. ‘१०.००: पोर्तुगाल. १०.४५: इटली (मुक्काम छोटा, रांग मोठी). १२.१०: बेल्जियम. सर्वांनी रिकाम्या पोटी यावे. १.३०: जेवण, फूटपाथ. २.००: फिनलंड.’ खाली तळटीप: ‘स्वच्छतागृहाची सोय दिसेल तिथे करून घ्यावी. देशाभिमान बाळगू नये.’

गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर वायपर सुरू झाले. आकाशात ढग नव्हता.

“इंडिकेटर द्यायचा होता,” काका म्हणाले. “सर्व्हिसिंगला दिली होती. सगळं इकडचं तिकडे करून ठेवलंय गाढवांनी.”

हायवेवर येईपर्यंत त्यांनी एकदा भलतंच बटण दाबून मागचं दार उघडलं, एकदा रेडिओवर चर्चचं प्रवचन लावलं आणि ते बंद करताना दिवे मालवले. सगळे झोपेत हसत होते. सहाच्या सुमारास तन्वी एकदम किंचाळली, “रेवती! मले ताप आला का गं? खालून भाजून राहिलं मले!”

काकांच्या हातून सीट गरम करायचं बटण दाबलं गेलं होतं. ते बंद करायला पुढच्या रेस्ट एरियात थांबावं लागलं. मी खाली उतरून मागे गेले. रंग तोच राखाडी, पण मागच्या दारावर पोचा नव्हता. डॅशबोर्डवरचा गणपती तोच होता, पण तो नव्या कोऱ्या टेपने चिकटवलेला होता. मेथीचा वास नव्हता, लिंबाचा होता. मी ईशानकडे बघितलं. तो चिप्सच्या मशीनशी बोलत होता. मी परत जागेवर बसले आणि काही बोलले नाही. बोलले नाही, यात विशेष काही नाही. मी ते नेहमीच करते.

आणि मग वॉशिंग्टन! व्हॅन शहराबाहेर लावून मेट्रो घेतली आणि स्टेशनच्या जिन्यावरून वर आलो तर रस्ताभर झेंडे, एका दारातून अ‍ॅकॉर्डियन वाजतंय, कोपऱ्यावर लाकडी बूट घालून कुणीतरी नाचतंय, लहान मुलांच्या गालांवर परदेशांचे रंग. काका भराभरा चालत होते. आम्ही विशीतले सहाजण त्यांच्यामागे धावत होतो.

पोर्तुगालच्या रांगेत आमचा खरा पराक्रम उघडकीला आला. दारावरच्या गार्डने तन्वीची बॅग उघडायला सांगितली. तिने बॅगेतून आधी प्लास्टिकची फाइल काढली आणि सवयीने त्याच्या हातात दिली. पासपोर्ट, युनिव्हर्सिटीचा आय-ट्वेंटी फॉर्म, बँकेची स्टेटमेंट्स, वडिलांचं इन्कम टॅक्स रिटर्न.

“व्हॉट्स धिस?” गार्डने विचारलं.

“डॉक्युमेंट्स,” तन्वी म्हणाली.

गार्डने मागे बघितलं. ईशानच्या हातात फाइल होती. त्याच्या तिन्ही रूममेटांच्या हातात फाइल होती. माझी निळी होती. तिच्यात दहावीचं मार्कशीटही होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एम्बसी म्हटल्यावर आमचे हात आपोआप कपाटाकडे गेले होते. चॉकलेट खायला आणि नाच बघायला आम्ही सहा फायली घेऊन पाच तास प्रवास करून आलो होतो.

गार्ड इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. “फोक्स, इट्स अ पार्टी,” तो म्हणाला.

काका हसले नाहीत. ते हळूच माझ्या कानाशी म्हणाले, “मी पण आणली आहे.” त्यांनी बॅगेची चेन इंचभर उघडून दाखवली. आत त्यांचा अमेरिकन पासपोर्ट होता आणि नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, लॅमिनेट केलेलं. “चाळीस वर्षं झाली,” ते म्हणाले, “पण एम्बसी ती एम्बसी.”

आत गेल्यावर प्रत्येकाला एक छोटं खोटं पासपोर्ट-पुस्तक मिळालं. प्रत्येक देशात टेबलामागे बसलेली बाई हसून त्याच्यावर शिक्का मारायची. काही न विचारता. ईशान पहिला शिक्का बराच वेळ बघत राहिला. “हिने विचारलंसुद्धा नाही, परत कधी जाणार,” तो म्हणाला. त्यानंतर आम्हाला वेडच लागलं. चॉकलेट राहिलं, नाच राहिला. आम्ही शिक्क्यांमागे धावत सुटलो. वेळापत्रकाचा चुराडा झाला. काका तर सगळ्यांच्या पुढे. फिनलंडच्या रांगेत त्यांनी पुढे उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलीशी पुस्तक पडताळून बघितलं आणि तिच्याकडे हंगेरी आहे, आपल्याकडे नाही, हे कळल्यावर आम्हाला पंधरा मिनिटं उलट्या दिशेने पळवलं. हंगेरीचं दार बंद व्हायला आलं होतं. काकांनी लांबूनच हात वर केला.

“मॅडम! वन स्मॉल डाउट!”

बाईने दार धरून ठेवलं. आम्ही सातहीजण आत शिरलो. तन्वीने त्यांना तिथल्या तिथे मिठी मारली. “काका, तुमचा डाउट आज कामी आला,” ती म्हणाली.

दहा देश झाले. पायांचे तुकडे पडले होते. फूटपाथवर बसून आम्ही काकूंनी फ्रीजरमध्ये ठेवून दिलेली थालीपिठं खाल्ली, आणि ईशान प्रत्येक घासाला नवीन देशाच्या नावाने चिअर्स करत होता. गेल्या वर्षभरात मी इतकी हसले नव्हते. मी काकांना माझ्या पुस्तकातला शिक्का दाखवला, त्यांनी मला त्यांच्यातला. ते म्हणाले, “तुझा जास्त ठळक आलाय.” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

मुक्काम काकांच्या एका मित्राच्या बेसमेंटमध्ये होता. सातजण गाद्यांवर ओळीने झोपलो. सकाळी मला लवकर जाग आली. फोनचा चार्जर व्हॅनमध्ये राहिला होता, म्हणून बाहेर गेले.

ड्राइव्हवेत व्हॅन उभी होती आणि तिचे वायपर चालू होते. मग थांबले. मग उजवा इंडिकेटर लागला. मग डावा. मग चारही दिवे. आत काका बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर गाडीचं मॅन्युअल. ते ओठ हलवत वाचत होते आणि एकेक बटण दाबून बघत होते, अगदी परीक्षेच्या सकाळी बसावं तसे.

मी काचेवर टकटक केली. ते इतके दचकले की हॉर्न वाजला.

“अगं, उठलीस एवढ्यात?”

“चार्जर,” मी म्हणाले. आणि मग, का ते मला सांगता येणार नाही, पण वाक्य आधीच जुळलेलं होतं. “काका, ही तुमची व्हॅन नाही.”

त्यांनी मॅन्युअल मिटलं. त्याच्या खालून भाड्याच्या गाडीचे कागद दिसत होते. शेजारचं दार उघडून ते म्हणाले, “बस आत. थंडी आहे.”

मी शेजारी बसले.

“माझी जयाकडे गेली. तिची गाडी बंद पडली, आणि जुळ्यांच्या दोन सीट तिच्या नवऱ्याच्या गाडीत बसत नाहीत. येऊन घेऊन गेली. पंधरा दिवस झाले. माझ्याकडे आता काकूंची छोटी गाडी आहे. तिच्यात तुम्ही मावला नसतात.”

“मग सांगायचं होतंत. आम्ही काहीतरी…”

“काय केलं असतंत?”

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, वर्गात विचारतात तसा. “नाही, मला खरंच डाउट आहे,” ते म्हणाले. “व्हॅन नसती तर मला बोलावलं असतंत का?”

हो म्हणायला फार सोपं होतं. समोर मित्राच्या लॉनवर स्प्रिंकलर फिरत होता. मला ईशानचा टेबलावर आपटलेला हात आठवला, आणि तो माझ्या कुठल्या वाक्यावर आपटला होता तेही.

“नाही,” मी म्हणाले.

काकांनी मान हलवली. रागाने नाही, होमवर्कचं उत्तर जुळल्यावर हलवतात तशी.

“मी पण इथे शिकायला आलो तेव्हा आमच्यात एकाकडेच गाडी होती,” ते म्हणाले. “दर रविवारी आम्ही त्याला बरोबर घ्यायचो. दोन वर्षं. आता बघ, त्याचं नाव आठवत नाही मला. बसल्या बसल्या आठवत होतो, येत नाही. गाडी आठवते. हिरवी होती.”

मी म्हणाले, “काल मला फार मजा आली.” ते फारच थोडं होतं, पण खरं होतं.

“मला पण,” काका म्हणाले. मग एकदम मॅन्युअल उघडून पान दाखवत म्हणाले, “सीटचं बटण सापडलंय हं. परत जाताना तन्वीला ताप येणार नाही. बाकीच्यांना बोलू नकोस.”

मी बोलले नाही. त्या दिवशी आम्ही म्युझियम बघितली आणि काका इंडिकेटर देत देत आम्हाला कॅरीपर्यंत घेऊन आले. एकदाही वायपर लागले नाहीत. ईशान म्हणाला, “काका, काल गाडी रुसली होती वाटतं.” काका म्हणाले, “चालायचंच!”

सेमिस्टर संपलं. जूनमध्ये तन्वीने नवीन टूम काढली. कॅरीच्या स्टेशनवरून शार्लट शहराला रेल्वे जाते, सकाळी जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. तिकीट स्वस्त. आम्हा सहाजणांच्या वेगळ्या ग्रुपवर भराभर अंगठे आले. सहा तिकिटं, असं ठरलं. काकांचं नाव निघालं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. रेल्वेला व्हॅन लागत नाही, एवढंच.

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग किचनमध्ये जाऊन तन्वीला म्हणाले, “सात.”

“काय सात?”

“तिकिटं. काका.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी आवाज चढवला नव्हता, पण मी विषय बदलायच्या आत बोलले होते, हे तिच्या लक्षात आलं असावं. “हो वो,” ती म्हणाली. “हंगेरी कोणी उघडलं असतं आपल्यासाठी?”

मला फोनवर बोलायला आवडत नाही. मी मेसेज करणाऱ्यांतली आहे. तरी मी काकांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला, मागे टीव्ही चालू होता.

“शार्लट?” ते म्हणाले. “अगं, पण सांगितलं ना तुला, गाडी आता…”

“रेल्वेने जायचंय, काका. गाडी नकोच आहे.”

टीव्ही बंद झाला.

“मग खाण्याचं मी बघू का? काकू नाहीत, पण मी चटणी-सँडविच…”

“वाटेत घेऊ काहीतरी.”

“वेळापत्रक?”

“तन्वी करणार आहे.”

“मग मी करायचं काय?”

“काही नाही, काका,” मी म्हणाले. “नुसतं यायचं.”

लाइन तुटली असं वाटून मी फोन कानापासून लांब धरून बघितला. सेकंद पुढे जात होते. मी ठेवला नाही.

“अगं रेवती,” शेवटी ते म्हणाले, “मग मी घरातून निघू कधी?”

रेल्वे सुटायला अजून नऊ दिवस होते.